पाठीचा कणा, ओणवें काम व कमरेची दुखापत

सुगीच्या दिवसांत कोणत्याही गांवीं जावें तर कमरेवर हात ठेवून भिंतीच्या आधारानें उठणारा एक तरी माणूस दृष्टीस पडतोच. काय झालें असें विचारलें असतां "उसण भरली", "चमक निघाली", "कंबर धरली" यांपैकीं कांहीं तरी उत्तर मिळतें. आणि कशानें झालें असें विचारलें म्हणजे बहुधा शेवटीं उचललेल्या वस्तूचें नांव सांगण्यांत येतें. कोणी खताचें पोतें सांगतो, कोणी वैरणीचा भारा सांगतो, आणि कोणी तर खालीं पडलेली चप्पल उचलावयास वांकलों एवढेंच सांगतो. ही शेवटची हकीकत ऐकून शेजारी हंसतात, परंतु ती खोटी नसते. दहा वर्षें पोतीं उचलणाऱ्या माणसाची कंबर एका चपलेनें जावी हें कसें घडतें, याचा उलगडा या लेखांत करावयाचा आहे.

बैलाच्या खांद्यास सूज आली म्हणजे आपण जूं उतरवून पाहतों, तें कोठें घासतें हें शोधतों, गाडीचा भार पुढें अधिक झाला आहे कीं काय हें तपासतों. बैलास कोणी दोष देत नाहीं. माणसाची कंबर गेली म्हणजे मात्र तो नीट वांकला नसेल, त्याचें अंग हलकें असेल, अथवा वयच झालें असेल, असें म्हणून आपण मोकळे होतों. जूं तपासण्याची जी रीत बैलाच्या बाबतींत आहे तीच माणसाच्या बाबतींतही लावावी, असा आमचा आग्रह आहे. आणि त्याकरितां कणा कसा हालतो हें प्रथम समजून घेणें अवश्य आहे.

पाठीचा कणा हें एक हाड नव्हे. मानेचे ७, छातीच्या मागील १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खालीं पांच मणके जुळून झालेलें त्रिकास्थि असतें व त्याच्या टोकास माकडहाड. ही चळत बाजूनें पाहिली तर सरळ दिसत नाहीं. मानेशीं व कमरेशीं ती पोटाच्या बाजूस वळलेली आणि छातीशीं पाठीच्या बाजूस फुगलेली असते. मानेचे वरचे दोन मणके वगळले तर प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्यें एक गादी असते. या गादीची रचना पाहण्याजोगी आहे. तिच्या मध्यभागीं पाण्यानें भरलेला मऊ गर असतो. तरुणपणीं त्यांत सुमारें ऐंशी टक्के पाणीच असतें. गराभोंवतीं चिवट तंतूंचे पंधरा ते पंचवीस थर एकावर एक गुंडाळलेले असतात, आणि एका थरांतील तंतू डावीकडे कलते असले तर पुढल्या थरांतील उजवीकडे कलते असतात. बांबूच्या कणगीची वीण ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या आडव्यातिडव्या रचनेनें किती बळकटी येते हें सांगावयास नको. कणगींतील धान्य जसें चोहोंकडे रेटतें तसा गर दाबला जाऊन चोहोंकडे रेटतो, आणि ही वीण त्यास आवरून धरते.

या गादीविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, तिच्या आंतील भागांत रक्तवाहिन्या नसतात. जमिनींत पाणी झिरपावें त्याप्रमाणें पोषण बाजूच्या हाडांतून तींत झिरपतें. म्हणून तिला झालेली इजा मांसाच्या जखमेप्रमाणें आठ दिवसांत भरून येत नाहीं. दुसरी ही कीं, वेदना कळविणारे मज्जातंतू निरोगी गादीच्या केवळ बाहेरच्या थरांतच असतात. आंतले थर एकेक करून उसवत गेले तरी धन्यास त्याची वार्ता नसते. कणगी आंतून कुसत जाते, बाहेरून लिंपण शाबूत दिसतें, आणि एके दिवशीं एका बाजूस धान्य सांडूं लागतें. तेव्हां त्या दिवशीं कोणी हात लावला याची चौकशी करणें व्यर्थ होय.

आतां हालचालीकडे वळूं. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस वरच्या व खालच्या मणक्यांशीं जुळणारे लहान सांधे असतात, आणि कोणत्या दिशेनें किती हालावें हें बहुतांशीं तेच ठरवितात. छातीच्या भागांत त्यांची ठेवण अशी असते कीं अंग डावीउजवीकडे वळतां येतें. कमरेच्या भागांत मात्र त्यांचे पृष्ठभाग उभे व जवळजवळ मागेंपुढें धांवणारे असतात. खांचेंत सरकणाऱ्या फळीप्रमाणें पुढें वांकणें व मागें झुकणें त्यांस चालतें, पण पिळण्यास ते आडवे येतात. कमरेचा एक मणका दुसऱ्यावर एका बाजूस दोन-तीन अंशांहून अधिक सहसा वळत नाहीं. "कंबर वळविली" असें आपण म्हणतों तेव्हां वस्तुतः छाती व खुबे वळलेले असतात. पाय एका जागीं रोवून घमेलें बाजूस फेंकतांना ही दोन्हीं ठिकाणें संपलीं म्हणजे उरलेला पीळ कमरेवर येतो. आणि त्यावेळीं गादीच्या विणींतील निम्मेच तंतू ताणले जातात, निम्मे सैल पडतात. म्हणजे भार तोच, पण झेलणारे निम्मे.

पुढें वांकण्याची क्रिया दोन ठिकाणीं होते. कमरेचे सर्व मणके मिळून पन्नास-साठ अंशांपर्यंत वांकतात. बाकीचें वांकणें खुब्यांत होतें. खुबा हा उखळीचा सांधा असून शरीरांतील सर्वांत मोठे स्नायू त्याच्या भोंवतीं आहेत. वांकण्याचें काम त्याच्याकडे जितकें अधिक सोंपवावें तितकी कंबर वांचते. परंतु बहुतेक लोक आधीं पाठ गोल करितात, व पुढें जागा उरली नाहीं म्हणजे खुब्यांतून वांकतात. यांत आळस नाहीं; गोल पाठीनें वांकण्यास शक्ति कमी लागते. ती कां कमी लागते याचें उत्तर मोठें बोधप्रद आहे. इंग्लंडांत फ्लॉईड व सिल्व्हर या दोघां संशोधकांनीं १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत पाठीच्या स्नायूंतील विजेची चळवळ मोजून पाहिली. वांकूं लागतांना हे स्नायू जोरानें काम करीत असतात. पण माणूस पूर्ण ओणवा झाला कीं ते गप्प होतात. मग वरचें सर्व अंग कोणी तोलून धरिलें? मणक्यांच्या मागील बंधांनीं व गादीच्या मागच्या भिंतीनें. राखणदार निजला आणि कुंपणावर भार पडला, असा हा प्रकार आहे.

भार किती पडतो हें पहारीच्या हिशेबानें समजतें. धोंडा उचलतांना टेंकूपासून हात लांब व धोंडा जवळ असला म्हणजे थोड्या जोरांत काम होतें. कमरेंत निसर्गानें याच्या उलट केलें आहे. टेंकू म्हणजे गादी. पाठीचे स्नायू तिच्या मागें जेमतेम पांच-सहा सेंटिमीटरांवर, आणि ओझें पुढें हातभर लांब. दहा किलोचें घमेलें गादीपासून पन्नास सेंटिमीटर पुढें धरिलें तर तें तोलण्यास स्नायूंस सुमारें शंभर किलोचा जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर गादीवर दाब म्हणून पडतो. यांत स्वतःच्या अंगाचें वजन अजून धरिलेलेंच नाहीं. साठ किलोच्या माणसाचें कमरेच्या वरचें अंग तीस किलोंच्या आसपास असतें. ओणवें झाल्यावर त्याचा मध्य गादीच्या पुढें पंचवीस सेंटिमीटर गेला असें धरिलें, तर रिकाम्या हातांनीं वांकण्यासही दीडशें किलोचा ताण लागतो. चप्पल उचलणारास हंसणाऱ्या शेजाऱ्यांनीं हा आंकडा पाहावा.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. स्वीडनमधील नाखेमसन या अस्थिवैद्यानें १९६० च्या दशकांत जिवंत माणसाच्या गादींत सुई घालून दाब मोजण्यास आरंभ केला, आणि जर्मनींतील विल्के व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं एका स्वयंसेवकावर तोच प्रयोग नव्या साधनांनीं केला. दर चौरस सेंटिमीटरला निजलें असतां सुमारें १ किलो, उभें असतां ५ किलो, वीस किलोचें ओझें गोल पाठीनें उचलतांना २३ किलो व गुडघे वांकवून उचलतांना १७ किलो असा दाब त्यांस आढळला. तेंच ओझें उभ्यानें अंगाशीं धरिलें तर ११, आणि छातीपासून साठ सेंटिमीटर दूर धरिलें तर १८. प्रयोग एकाच माणसावरचा आहे हें खरें. तथापि आंकड्यांचा कल स्पष्ट आहे. गुडघे वांकविण्याचा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो, पण ओझें अंगाशीं घेण्यांत त्याहून कमी लाभ नाहीं. वैरणीचा मोठा भारा दोन गुडघ्यांच्या मध्यें मावतच नाहीं; अशा वेळीं गुडघे वांकवावे तर भारा आणखीच दूर जातो, आणि उपदेशाप्रमाणें वागून कंबर अधिक दुखावते.

गादी नेमकी कशी बिघडते? नुसत्या उभ्या दाबानें ती सहसा फुटत नाहीं. दाब फार वाढला तर गादीच्या आधीं मणक्याच्या पृष्ठाचें पातळ हाड पिचतें. ब्रिटनमधील अ‍ॅडम्स व हटन यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मृत माणसांचे मणके पुढें व थोडे बाजूस पूर्ण वांकवून वर दाब दिला, तेव्हां कांहीं गाद्या मागील कोपऱ्यांतून फुटून गर बाहेर आला. मागील कोपराच कां, तर पुढें वांकल्यावर तेथील भिंत ताणून पातळ होते, आणि मधोमध जो उभा बंध पाठीराखा असतो तो कमरेच्या खालच्या भागांत अरुंद झालेला असतो. कॅनडांतील कॅलघन व मॅकगिल यांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, डुकराच्या मणक्यांवर साधारण भार ठेवून त्यांस हजारों वेळां पुढें वांकविलें असतां गर थराथरांतून वाट काढीत मागें सरकतो. तेथें एकही धक्का मोठा नव्हता. तार एका झटक्यांत तुटत नाहीं, पण पुन्हां पुन्हां वांकविली तर त्याच ठिकाणीं तुटते. बाहेर आलेला गर जवळून जाणाऱ्या मज्जातंतूस लागला म्हणजे ढुंगणापासून पोटरी-पावलापर्यंत कळ जाते. आयुर्वेदांत हिला गृध्रसी म्हणतात व आतां लोक सायटिका म्हणतात. तिचें कारण ही सरकलेली गादी होय, हें बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं १९३४ सालीं स्पष्ट केलें. कमरेंतील अशा फुटलेल्या गाद्यांपैकीं बहुतेक सर्व अगदीं खालच्या दोन जागीं असतात, कारण सर्वांत अधिक भार व सर्वांत अधिक वांकणें तेथेंच येतें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. प्रयोगशाळेंतील मणका मेलेला असतो; तो झिजतो, पण दुरुस्त होत नाहीं. जिवंत कणा भार सोसून व मध्यें विसांवा मिळून बळकट होतो, आणि कामच न केल्यानें दुबळा होतो. म्हणून कष्टांस भिण्याचें कारण नाहीं. दुखापत तेव्हां होते जेव्हां झीज पुढें जाते व दुरुस्ती मागें राहते.

विसांव्याची गोष्ट निघाली म्हणून काळाचा प्रश्न घेऊं, कारण शेतकऱ्यास तो फार जवळचा आहे. ओणवें राहिल्यानें मणक्यांचे बंध हळूहळू सैल पडतात, जसें ओलें चामडें ताणून ठेविल्यानें लांबतें. मॅकगिल व ब्राऊन यांनीं १९९२ सालीं तरुण माणसांस वीस मिनिटें पूर्ण ओणवें बसविलें. उठल्यावर दोन मिनिटांत त्यांचा सैलपणा निम्मा गेला, परंतु अर्ध्या तासानंतरही तो पुरता गेला नव्हता. भाताच्या लावणींतून अथवा निंदणींतून उठलेला माणूस त्याच पावलीं बांधावरचें पोतें उचलावयास जातो, तेव्हां त्याचे बंध सैल, स्नायू थकलेले व गादीची मागची भिंत ताणलेली असते. ओणव्या कामानंतर पांच-दहा मिनिटें सरळ उभें राहून, थोडें चालून, मग ओझ्यास हात घालावा.

दुसरी वेळ पहाटेची. रात्रीं निजल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात; म्हणून माणूस सकाळीं रात्रीपेक्षां जवळजवळ दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि ही वाढलेली उंची निम्म्याहून अधिक उठल्यापासून पहिल्या तासांतच जाते. फुगलेली गादी वांकविण्यास कठीण असते. अ‍ॅडम्स यांच्या १९८७ च्या मापनाप्रमाणें पहाटे पुढें वांकतांना गादीवर येणारा वांकण्याचा ताण दिवसाच्या मानानें कित्येक पटींनीं वाढतो. अमेरिकेंत स्नूक यांनीं १९९८ सालीं जुनाट कंबरदुखीच्या लोकांस सकाळच्या वेळीं पुढें वांकणें टाळावयास लाविलें, तेव्हां त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. आतां आपल्या घरचा क्रम पाहा. उठल्याबरोबर शेण काढणें, गव्हाण झाडणें, धार काढणें, पाण्याच्या बादल्या उचलणें. आणि हें सर्व बहुधा घरांतील बायका करितात. पहिल्या तासांत चालण्याचीं व उभ्यानें करण्याचीं कामें घ्यावीं, शेणाचें घमेलें मागाहून उचलावें, व धार उंच पाटावर बसून काढावी, एवढा फेरफार करण्यास एक पैसाही लागत नाहीं.

ट्रॅक्टर चालविणाराची कंबर कां दुखते असें आम्हांस पुष्कळ जण विचारतात, कारण तो तर बसूनच असतो. बसलेल्या माणसाचें धड सेकंदास चार ते सहा हेलकाव्यांस सर्वांत अधिक साथ देतें, आणि नांगरटींत ट्रॅक्टराच्या बैठकीचे हादरे याच मापांत येतात. त्यांत मागच्या अवजारावर नजर ठेवण्यासाठीं तो तासन्‌तास अर्धवट वळलेला असतो. बैठकीची कमान त्याच्या वजनास जुळवून घ्यावी, आणि उतरल्याबरोबर बियाण्याचें पोतें उचलूं नये.

अवजाराचा दांडा व माणसाची कंबर यांचा संबंध अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत एकदां थेट न्यायालयांत ठरला. तो प्रसंग आपल्याकडे फारसा ठाऊक नसल्यामुळें थोडा विस्तारानें देतों. सालिनास खोऱ्यांत लेट्यूस नांवाची पालेभाजी व साखरेचें बीट यांच्या रोपांची विरळणी करण्यासाठीं जेमतेम एक-दीड फूट दांड्याचें खोरें मजुरांस देत असत. मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे. ते त्यास स्पॅनिश भाषेंत "एल कोर्तितो", म्हणजे लहानगें, असें म्हणत. या लहानग्यानें काम करावयाचें तर कमरेंत पूर्ण दुमडून दिवसभर एका ओळीमागून एक ओळ चालावें लागे. मजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांनीं स्वतः तें चालविलें होतें, आणि त्यांस पाठीचें दुखणें पुढें जन्मभर होतें. लांब दांड्यानें रोपें तुटतील असें मालकांचें म्हणणें. आणि आखूड दांड्यामुळें कोणाची पाठ सरळ झाली, अर्थात् कोण थांबला, हें मुकादमास दुरून दिसतें, असें मजुरांचें म्हणणें.

१९७२ सालीं मजुरांनीं या अवजारास बंदी करण्याविषयीं राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याकडे अर्ज केला. डॉक्टरांनीं साक्षी दिल्या. धोक्याच्या हातअवजारांस मनाई करणारा नियम त्या खात्याचाच होता. पण त्याचा अर्थ मोडकें अथवा सदोष घडणीचें अवजार एवढाच आहे, हें खोरें तर धडधाकट आहे, असें म्हणून १९७३ सालीं अर्ज फेटाळण्यांत आला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १३ जानेवारी १९७५ रोजीं न्यायालयानें ठरविलें कीं खात्यानें नियमाचा अर्थ फारच संकुचित केला. अवजार घडणींत निर्दोष असूनही तें ज्या रीतीनें वापरावें लागतें त्या रीतीनेंच इजा होत असेल, तर तेंही धोक्याचें अवजारच होय. त्याच वर्षीं आखूड खोरें बंद झालें. लेट्यूसचा धंदा बुडाला नाहीं; लांब दांड्यानेंही विरळणी होते असें लवकरच दिसून आलें. मजुरांच्या कमरेच्या दोषानें हें दुखणें येतें असें जें समजलें जात होतें, त्याचें मूळ दोन हात लांकडाच्या काटकसरींत होतें.

आमच्याकडील खुरपें हें त्याच कुळांतील आहे. खुरपणी बसून होते म्हणून ती ओणव्या कामाहून बरी असें समजतात. परंतु उकिडवें बसल्यानें खुबे आधींच दुमडलेले असतात व पुढें हात पोंचविण्याकरितां वांकावयाचें तें सर्व कमरेंतूनच. दोन ओळींतील तण काढण्यास लांब दांड्याचें हातकोळपें किंवा सायकल कोळपें उपलब्ध आहे. खुरपें फक्त रोपांच्या मधल्या तणापुरतें ठेवावें. फावडें, दांताळें, कुदळ यांचे दांडे बाजारांत एकाच मापाचे मिळतात, आणि माणसें तर एका मापाचीं नसतात. उभें राहून, कोपर किंचित् वांकवून, पातें जेथें टेंकावयाचें तेथें टेंकलें पाहिजे. न टेंकल्यास दांडा बदलावा. भातलावणीस दांड्याचा उपाय नाहीं. तेथें यंत्र परवडत नसेल तर पातीच्या टोकास पोंचल्यावर सरळ होऊन कमरेवर हात ठेवून दोन-चार वेळां मागें झुकावें, आणि लावणारे व रोपांच्या मुठी पुरविणारे यांनीं आळीपाळीनें कामें बदलावीं. अंगावर घेतलेल्या कामांत मजूर आपण होऊन विसांवा घेणार नाहीं, कारण त्यांत त्याचा पैसा जातो. म्हणून विसांव्याची वेळ धन्यानें ठरवून द्यावी व ती मजुरींत धरावी. हें लिहितांना आमच्या कित्येक सभासदांच्या कपाळास आंठ्या पडतील हें आम्ही जाणतों. लावणीच्या ऐन हंगामांत दोन बायका कमरेनें घरीं बसल्या म्हणजे किती नुकसान होतें याचाही हिशेब त्यांनीं करावा.

ओझ्याचें माप काय असावें? अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेनें १९९१ सालीं सुधारलेल्या सूत्राप्रमाणें, ओझें अंगाशीं, सुमारें पाऊण मीटर उंचीवर, सरळ समोर व धरण्यास सोपें असेल, तेव्हां बहुतेक निरोगी स्त्रीपुरुषांस २३ किलो ही सुरक्षित मर्यादा होय. तेंच ओझें पन्नास सेंटिमीटर पुढें गेलें कीं ही मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. तें जमिनीवरून उचलावयाचें असलें तर सुमारें नऊ किलो, आणि त्यांत अंग अर्धवट बाजूस वळविलेलें असलें तर साडेसात किलो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९६७ सालीं प्रौढ पुरुषासाठीं ५५ किलोची कमाल मर्यादा सुचविली. पण ती ओलांडूं नये अशी हद्द आहे, रोज गांठावयाचें माप नव्हे. युरियाचें पोतें २०१८ पासून ५० ऐवजीं ४५ किलोचें झालें, तेंही २३ च्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून पोतें दोघांनीं धरावें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे तें जमिनीवर ठेवूंच नये. खळ्यांत, गोदामांत व घरांत मांडीच्या मध्यापासून कमरेपर्यंत उंचीचा एक ओटा अथवा फळ्यांची मांडणी असावी. गाडीवरून पोतें तेथें उतरावें व तेथूनच पाठीवर जावें. वळावयाचें असेल तेव्हां पाऊल उचलून सगळ्या अंगानें वळावें.

उचलण्याची रीत शिकविण्यावर आम्ही कमी भर दिला आहे, तो जाणूनबुजून. उचलण्याचें शिक्षण दिल्यानें कंबरदुखी टळते असें, अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या आढाव्यांतही सिद्ध झालें नाहीं. कमरेच्या पट्ट्याची गोष्टही तशीच. तो बांधल्यानें दुखापत टळते याला भक्कम पुरावा नाहीं. शिवाय भार हेंच सर्व कांहीं नव्हे. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या पाहणींत गादीची झीज कामाच्या भारापेक्षां आनुवंशिकतेशीं अधिक जुळलेली आढळली. झिजलेली गादी म्हणजे दुखणारी गादी असेंही नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत कंबर न दुखणाऱ्या ९८ लोकांचीं चुंबकीय छायाचित्रें काढलीं, तेव्हां निम्म्याहून अधिक लोकांच्या एका तरी गादीस फुगवटा होता. तेव्हां छायाचित्रावर "गादी सरकली" असें लिहिलेलें पाहून शेत विकून शस्त्रक्रियेस धांवणाऱ्यांनीं आधीं दुसऱ्या डॉक्टरास विचारावें.

उसण भरल्यावर काय करावें? खेड्यांत पायाळू माणसाचा पाय पाठीस लावण्याची रीत आहे, आणि पुष्कळांस त्यानें गुण येतो. साध्या उसणेचें दुखणें उपचार कोणताही असो कांहीं दिवसांत अथवा कांहीं आठवड्यांत बहुधा आपोआप उतरतें, म्हणून त्या अवधींत जो कोणी पाय लावील त्यास यश मिळतें. पायाळूचा पाय लागला तर आमची हरकत नाहीं. मात्र त्यानें जोरानें लाथ मारूं नये. पूर्वीं डॉक्टरही आठ-पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगत. हेलसिंकी शहरांत १९९५ सालीं झालेल्या प्रयोगांत, जे लोक सोसेल तितकें नेहमींचें हिंडणेंफिरणें करीत राहिले ते अंथरुणावर पडणाऱ्यांपेक्षां लवकर बरे झाले. एक-दोन दिवस दुखणें फार असेल तर पडावें, शेक घ्यावा, आणि नंतर थोडें थोडें चालूं लागावें. ओझें व ओणवें काम तेवढें वर्ज्य करावें.

परंतु कांहीं लक्षणें दिसल्यास पायाळू, तेल व शेक सर्व बाजूस ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. लघवी अडणें किंवा नकळत होणें, शौचावरचा ताबा जाणें, बैठकीच्या जागीं व मांड्यांच्या आंतल्या बाजूस बधिरपणा येणें, पावलाची शक्ति जाऊन तें फरफटूं लागणें, या खुणा मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याच्या आहेत. तेथें एका दिवसाच्या उशिरानें कायमचें अपंगत्व येतें. म्हातारें माणूस साधें घसरून पडल्यावर कंबर दुखूं लागली तर मणका पिचल्याचा संशय घ्यावा. आणि दुखणें विसांव्यानेंही न थांबतां रात्रीं वाढत असेल, संध्याकाळीं बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तें ओझ्याचें दुखणें समजूं नये. आपल्या देशांत मणक्याचा क्षय अजून पुष्कळ आढळतो; वेळीं ओळखला तर तो औषधांनीं बरा होतो, आणि क्षयाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात.